मौनातलं जेवण

कौसल्येचा उजवा हात प्लास्टरात होता, म्हणून रुख्मिणी सुनेला एकाच ताटातून भरवत होती. एक घास तिला, एक आपल्याला. चातुर्मासात रुख्मिणीचं जेवताना मौन असायचं. तोंडून शब्द निघाला की ताटावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत नुसत्या पाण्यावर.

तेवढ्यात दारात खाकी साडी उभी राहिली.

"मी पुष्पलता. पोलिसांत बायकांसाठी नवा कक्ष निघाला नं, तिथून आली. दवाखान्यातून कळलं हाताचं."

मागोमाग शेजारची शोभाताई आलीच. "माय वं! काहून आल्या बाई तुम्ही? घरातलं भांडण आहे, घरातच मिटते."

मागच्या खेपेला ठाण्यातून जमादार आला होता. रुख्मिणीच्या मुलाबरोबर, रवींद्रबरोबर, ओट्यावर बसून चहा प्यायला. "बायकोले सांभाळून घेत जा गा," म्हणाला नि गेला. ही मात्र चपला काढून आत आली आणि कौसल्येसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"हात कशानं मोडला वं पोरी?"

"मोरीत घसरली."

"आन् गालावरचं?"

कौसल्येनं डाव्या हातानं पदर गालावर ओढला. पुष्पलतानं सासूकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, मावशी."

"तिचं मौन आहे," शोभाताई हसली. "आन् पोटच्या पोराविरुद्ध कोन बोलते, बाई?"

रुख्मिणीच्या बोटांत वरणभाताचा घास तसाच होता. संध्याकाळी वीजकेंद्रातली पाळी संपवून रवींद्र खापरखेड्याहून येईल. ही बाई आज अशीच उठून गेली, तर उद्या या पोरीचा दुसरा हात. कौसल्या मान खाली घालून घासाची वाट पाहत होती, लेकरासारखी.

रुख्मिणीनं घास तिच्या तोंडात घातला. मग ताट तिच्यापुढे सरकवलं.

"मोरी कोरडी होती बाई," ती म्हणाली. "माह्या पोरानं मारलं. लिहा."

"आई, तुमचं जेवण!" कौसल्येला रडू फुटलं.

"माहं जेवण देव पाहून घेईन. तू खाय, थंडं होऊन राहिलं."

रुख्मिणी हात धुवायला उठली. दारातल्या शोभाताईनं पदराचं टोक उगाच दोनदा पिळलं. मग आत येऊन ती पुष्पलताच्या शेजारी टेकली.

"माहं पन लिहा," ती हळूच म्हणाली. "आमची भिंत एकच आहे. सारं आयकू येते."