जाऊबाईंचा एसी

"बंद एसीला सूट न्हाई म्हणतोय!" ओंकारनं फोन खाटेवर आपटला. "चालू दाखवा म्हणं."

त्याच्या आईचं, विमलबाईंचं, डोकंच फिरलं. अहो, धड चालत असता तर बदलायला कशाला निघाले असते? पण वीज कंपनीच्या एसी-बदल योजनेचा नियमच तसा. जुना, वीज खाणारा एसी कंपनीच्या साहेबांना चालू दाखवायचा, मग नव्यावर निम्मी सूट. सूट मिळाल्याशिवाय नवा परवडणार नव्हता.

ओंकार चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर रात्रपाळी करायचा. दिवसा मोशीच्या घरात, तापलेल्या स्लॅबखाली, त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. मागच्या आठवड्यात मशीनवरच डुलकी लागली आणि बोटं थोडक्यात वाचली. तेव्हापासून आईला घास गोड लागत नव्हता.

शेवटी त्यांनी थोरल्या जाऊबाईंना गळ घातली. केसरबाईंचा एसीही तितकाच जुना, पण बिलाच्या धास्तीनं वर्षातून चार दिवस लावलेला.

"एका दिवसापुरता हां," केसरबाई म्हणाल्या. "सांजच्याला माझ्या खिडकीत पायजे."

मंजुरी मिळाली की दुकानात बदल्यात आपलंच बंद डबडं द्यायचं, असं ठरलं. विमलबाईंनी मेकॅनिक बोलावून जाऊबाईंचा एसी आपल्या खिडकीत बसवून घेतला, धुवून घेतला, गॅस भरून घेतला. साहेबापुढं भंगार ठेवतात व्हय?

साहेब दुपारी आले. त्यांनी एसीवरचं साल वाचलं, मग खिडकीवरून बोट फिरवलं.

"स्क्रू नवे दिसतात."

विमलबाई पदरानं खिडकी पुसू लागल्या. "सकाळीच साफ केला न्हवं का, तवा बदललं."

तेवढ्यात दारातून केसरबाई ओरडल्या, "झालं का गं विमल? माझा..."

"च्या टाकलाय, बसा जाऊबाई!" विमलबाईंनी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

साहेबांनी वायरीला वीज मोजायचा चिमटा लावून आकडा पाहिला. दहा मिनिटं गार हवेत उभं राहून कागद भरला. साहेब पहिल्यांदाच हसले.

"झकास कूलिंग आहे, मावशी!"

विमलबाईंचे डोळे भरून आले. "आता माझ्या पोराला झोप मिळंल! मंग मंजूर न्हवं, साहेब?"

"कशाला? हा वीज कुठं खातोय? पोराला खुशाल झोपू द्या याच्याच गारव्यात," साहेबांनी कागदावर 'नामंजूर' असा शिक्का मारला. "या घराचा अर्ज आता पुन्हा घेता येणार नाही."