तांडेलाचा कान

"काका, ताकद दोन्ही सायलेन्सरांची सारखीच हाय. आता तुमचा कान सांगेल तो बसवायचा," गॅरेजवाला बन्सी म्हणाला, आणि तिथल्या सगळ्यांनी धर्माजीकडे पाहिलं.

बघणारच. सातपाटीच्या बंदरावर बसून, बोट नजरेला पडायच्या आधी, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ती कुणाची ते सांगणारा हा तांडेल, मासेमारी बोटीचा कप्तान. बाप असा तिखट कानाचा, म्हणून तर प्रणव त्याला मुद्दाम बोईसरला घेऊन आला होता. पोरगा बोटीवर न जाता तारापूरच्या कंपनीत लागला. टर्बोची जुनी गाडी घेतली. आता तिचा धूर मोकळा सुटला की ती आणखी पळेल, म्हणून सायलेन्सर निवडायला आला होता. समुद्र सुटला तरी इंजिनाचा नाद काही सुटला नव्हता.

धर्माजीने मान डोलावली. बन्सीचे ओठ त्याने वाचले होते. ऐकू काहीच आलं नव्हतं.

उजवा कान बोटीच्या इंजिनाने केव्हाच खाल्ला होता. शिमग्यानंतर डावाही गेला. तेव्हापासून तो समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, नाहीतर आपणच बोलत सुटायचा. बायकोला वाटायचं, नवरा तंद्रीत असतो. बोटीवरचा पुंडलिक खलाशी म्हणायचा, तांडेल हल्ली कुणाचं ऐकूनच घेत नाय. बिचारा खरं तेच बोलत होता.

आता नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहिला की बोट बाहेर काढायची. अंधारात मागून येणाऱ्या जहाजाचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या भरवशावर चार घरची माणसं कोण सोडेल? सोडूच नयेत. हे धर्माजीला कळत होतं. पण सुकाणू सुटलं की उरतो तो बंदरावर जाळी शिवत बसणारा म्हातारा. त्याची त्याला फार भीती वाटायची, म्हणून तो गप्प होता.

पहिला सायलेन्सर बसला. प्रणवने किल्ली फिरवली. धर्माजी सहज उभा राहिल्यासारखा गाडीच्या मागे गेला आणि डिकीवर तळवा टेकला. बोटीवर तो हेच करायचा, फक्त तिथे तळपाय असायचे. हाताला थरथर लागली, खरखरीत आणि सुटी सुटी.

"हा फाटका हाय," तो म्हणाला. "पळवलीस का नुसता बोंबलेल."

बन्सीने हात जोडले. "काका, काय कान हाय तुमचा!"

धर्माजीला जरा हायसं वाटलं. चला, निभावलं.

दुसरा सायलेन्सर चढवायच्या आधी बन्सीने त्याला दंडाला धरून शटरपाशी नेलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. "आता हितनं ऐका. रस्त्यावरच्या माणसाला येतो तोच खरा आवाज."

नाही कसं म्हणणार? धर्माजी बसला. चपला काढून पाय जमिनीला लावून पाहिले. खाली गार काँक्रीट होतं, त्यातून काही कळेना. तो माणसांची तोंडं बघत राहिला.

बराच वेळ खटपट करून बन्सी गाडीखालून बाहेर आला. फडक्याला हात पुसले. प्रणवकडे बघून अंगठा वर केला. आत बसलेल्या प्रणवने हसून मान हलवली. दोघांचे चेहरे खुललेले होते. धर्माजीला तेवढं पुरे झालं.

"हां, हा बघ!" तो तिथूनच ओरडला. "हा घुमतो. भरलेली बोट खाडीत शिरते ना, तसा. हाच ठेव."

बन्सीचा अंगठा वरच राहिला. प्रणव दार उघडून खाली उतरला.

किल्ली अजून त्याच्या हातातच होती.

धर्माजीने ती किल्ली पाहिली. मग आपल्या पायाकडे पाहिलं. जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. बन्सी पाठ फिरवून हातातलाच पाना शोधू लागला.

प्रणव येऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला. हा पोरगा लहानपणापासून असा भरभर बोलायचा की शब्दात शब्द अडकायचा. आता तो एकेक अक्षर सुटं करून, तोंड मोठं उघडून बोलला. लहान मुलाशी बोलतात तसं.

"बाबा. कधी. पासून?"

ते तोंड धर्माजीला बघवेना.

"शिमग्यापासून," तो म्हणाला. चपला पायात सरकवत पुढे म्हणाला, "पुंडलिकला सांग, यंदा बोट त्याने न्यायची."

प्रणवचे ओठ हलले, पण कापत होते. धर्माजीला काही वाचता आलं नाही.

मग प्रणवने बापाचा हात धरला, त्याला गाडीमागे नेलं आणि त्याचा तळवा डिकीवर ठेवला. स्वतः जाऊन आत बसला, किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबला.

बन्सीने दोन्ही कानांवर हात ठेवले. शेजारच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. धर्माजीच्या हाताखाली पत्रा घुमत होता, खोल आणि गोल, भरलेली बोट खाडीत शिरावी तसा. तो बोलला होता ते अगदी बरोबर निघालं होतं.

प्रणवने गाडी बंद केली, किल्ली काढली, तो खाली उतरला. पत्र्याची थरथर थांबली, तरी धर्माजीने हात उचलला नाही.