हातांचं मीठ

खडवलीच्या शिबिराच्या फाटकात भागीरथीने जयाची बाही घट्ट धरून ठेवली होती. जयासारखाच सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा जन्मजात आजार असलेली सात मुलं आत जमली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मुलं इथे खुलतात. पण एकाच्या खोकल्यातले जंतू दुसऱ्याच्या छातीत घर करू शकतात. तुम्हीच ठरवा."

तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं, अगदी जयासारखं.

"चल घरी," भागीरथी म्हणाली.

"आये, माझ्यासारखी दुसरी पोर कधी बघलीच नाय मी!"

शेजारी आपल्या मुलीला घेऊन एक बाई तशीच अडून उभी होती. "माझाही पाय उचलत नाहीये," ती म्हणाली. "ही तान्ही असताना पापा घेतला की खारट लागायची. या आजारात घामातून जास्त मीठ जातं, हे तेव्हाच कळायला हवं होतं मला."

भागीरथी चमकली. जयाही तशीच खारट लागायची. डॉक्टर काहीही म्हणोत, मिठागरात राबलेल्या आपल्या हातांचं मीठच पोरीला बाधलं, असं ती बारा वर्षं मनात धरून बसली होती.

"तुमचा पन मिठागर हाय काय?"

"छे हो! आम्ही डोंबिवलीचे. हे बँकेत असतात."

आत पाठवायचं की माघारी न्यायचं, ते अजून ठरत नव्हतं. पण भागीरथीने बाही सोडली आणि लेकीचा हात हातात घेतला.