फरशीवरच्या शेवया

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी डुब्राव्काच्या तोंडून प्रश्न निघून गेला, "आणि फरशीवरच्या शेवया कोणी गोळा केल्या?"

खोलीत ती चालवत असलेल्या गटातले सात पुरुष गोल करून बसले होते. बायकोवर हात उचलला म्हणून कोर्टाने त्यांना ओसियेक शहरातल्या या समुपदेशन केंद्रात पाठवलेलं. दर बुधवारी एकेकाने घरातला एक प्रसंग सांगायचा आणि तो कुठे घसरला ते बाकीच्यांनी दाखवायचं, अशी पद्धत होती. आज पाळी म्लाडेनची होती. रविवारी जेवताना जरा खटका उडाला, पण आपण ताटली बाजूला सारली आणि बाल्कनीत गेलो, एवढंच त्याने सांगितलं होतं.

म्लाडेन तिच्याकडे बघत राहिला.

"शेवयांचं मी काही बोललो नाही, मॅडम."

खरंच होतं ते. शेवयांचं बोलली होती त्याची बायको रुझित्सा, काल दुपारी फोनवर. सूपचं भांडं भिंतीवर आपटलं, शेवया फरशीभर झाल्या, आणि ती खाली बसून त्या वेचत असताना तो वर उभा राहून 'तिकडे एक राहिली' असं दाखवत होता. घरी खरं काय चाललंय ते विचारायला या पुरुषांच्या बायकांना फोन करायचं काम खरं तर दुसऱ्या सहकारी बाईंचं. पुरुषांसमोर बसणाऱ्याच्या तोंडून चुकून काही जाऊ नये, म्हणून मुद्दाम वेगळं ठेवलेलं. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि डुब्राव्का दोन्ही कामं करू लागली. यातलं अक्षरही त्याच्या कानावर जाणार नाही, असा शब्द तिने रुझित्साला पहिल्याच फोनवर दिला होता.

"रविवारचं सूप म्हटलं की शेवया आल्याच," तिच्यासोबत गट चालवणारा टिहोमिर घाईने म्हणाला. "आमच्याकडेपण–"

"तुमच्याकडे त्या फरशीवर वाढतात?" म्लाडेनने विचारलं.

कोणीतरी हसलं. कोपऱ्यातला म्हातारा स्टिएपान खुर्चीत मागे रेलला. "मॅडम, आज पाळी तुमचीच दिसतेय. सांगा आता, कुठे घसरलात."

डुब्राव्काने चेहरा हलू दिला नाही. "म्लाडेन, आपण यावर बोलू."

तो उठला. जाकीट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. "मला राग येतोय हे मला कळतंय," तो सपाट आवाजात म्हणाला. "म्हणून मी बाहेर जातो. तासाभरात परत येईन. पिणार नाही, गाडी चालवणार नाही. बरोबर आहे ना, मॅडम?"

बरोबर होतं. राग चढू लागला की उठून जायचं, हे तिनेच शिकवलं होतं. जाणाऱ्याला अडवायचं नाही, हेही.

दार लागलं. स्टिएपान आता हसत नव्हता.

"तो घरी जाणार," तो म्हणाला. "मी असतो तर गेलो असतो."

टिहोमिर जिन्याकडे धावला. डुब्राव्काने बाहेरच्या पॅसेजमधून रुझित्साला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग पोलिसांना.

"त्याने काही केलंय का?" ड्यूटीवरच्या माणसाने विचारलं.

"अजून नाही."

"मग गाडी कशासाठी पाठवू, बाई?"

"त्याची बायको माझ्याशी बोलते हे त्याला कळलंय. माझ्याच तोंडून गेलं."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. "पत्ता सांगा," तो म्हणाला.

टिहोमिर धापा टाकत वर आला. "गाडी इथेच आहे त्याची," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याची खूण नव्हती. "ट्राममध्ये चढला. मी पोहोचेपर्यंत दारं लागली."

डुब्राव्का पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. पावणेसातला रुझित्साने उचलला. मागे नळ वाहत होता.

"भांडी घासत होते हो, ऐकूच आलं नाही."

"रुझित्सा, म्लाडेन घरी यायला निघालाय. त्याला शेवयांचं कळलं. चूक माझी आहे. आत्ताच्या आत्ता शेजारी जा, काही घेऊ नका."

नळ बंद झाला.

"तुम्ही तर म्हणाला होतात की–"

"हो. म्हणाले होते."

"मार्ता आज लेकीकडे गेलीये. बाजूला दुसरं कोणीच नाही."

"मग खाली जा. बेकरीत जाऊन उभ्या राहा, माणसांत."

"माझे हात ओले आहेत," रुझित्सा म्हणाली. जणू आधी ते पुसायला हवेत. मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. फोन कशावर तरी ठेवल्यासारखा वाजला. तिने तो बंद केला नव्हता.

डुब्राव्काने फोन कानाशी घट्ट धरला. बूट काढल्याचा आवाज. खुर्ची सरकली. मग म्लाडेनचा आवाज, हळू, अजिबात घाई नसलेला.

"रुझित्सा, मला तुझ्याशी बोलायचंय. तुला आत्ता चालेल का?"

गटाने एक अख्खी संध्याकाळ या दोन वाक्यांवर घालवली होती. शब्द डुब्राव्काने निवडून दिले होते, आणि म्लाडेन तेव्हा दर वेळी दुसऱ्या वाक्यावर अडायचा. आज अडला नाही.

रुझित्साने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. फोन कट झाला.

सहा पंचावन्नला पोलिसांची गाडी नुकती कुठे चौकीतून निघाली होती. खोलीतले सहाजण अजून आपापल्या खुर्चीत बसून होते, दाराकडे तोंड करून.