एक जूनपासूनचं वेळापत्रक

"चार मिनिटं दहा सेकंद!" त्रिंबकरावांनी स्टॉपवॉच थांबवलं आणि तेवढ्या नादात तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. "अगं, करपली की ही!"

"करपू द्या. आधीची तरी कुटं फुगली होती?" शालनताई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. "मी निघते. साहेब पावणेदहाला टेबलाकडं बगतात."

त्रिंबकरावांनी कागदावर 'भाकऱ्या तीन' लिहिलं होतं. ते खोडून 'दोन' केलं. खोटा आकडा लिहायचा नाही म्हणजे नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. कुठल्या कामाला किती मिनिटं लागावीत, हे ते ठरवायचे. आणि स्वतः हात लावून बघितल्याशिवाय एक मिनिटही कागदावर चढवायचे नाहीत. कामगार वैतागायचे, पण आकड्याला कधी कुणी नाव ठेवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले आणि या पक्क्या माणसाची पार दशा झाली. दुपारचे बारा वाजले तरी अंथरुणात. जेवण नको, बोलणं नको, दारात कुणी आलं तर तोंड फिरवून पडायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वजन मात्र आठ किलोंनी उतरलं.

मग या फेब्रुवारीत, एका सकाळी, ते पडल्या पडल्या आपणहून बोलले. "आता मे संपला की तूबी रिटायर. माझ्याहून दोन वर्षांनी ल्हान तू. तुमच्या वैरागच्या शाळेतल्या गुरुजींनी तर सगळ्या पोरांना एक जूनलाच जन्माला घातलंय! म्हंजे एकतीस मेला अठ्ठावन्न भरली."

शालनताई एका सरकारी कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळायच्या. त्या काही बोलायच्या बेतात होत्या, पण थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझंबी तुमच्यासारखंच व्हायचं का वो?"

"मी असताना? अजिबात न्हाय!" त्रिंबकराव ताडकन उठले. "तुझा एकेक तास आखून देतो. रिकामपण काय असतं ते मी बघितलंय. तुला बघू देणार न्हाय."

झालं, गडी कामाला लागला. पुण्याच्या लेकीनं, ऋतुजानं, मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. ते दर सोमवारी 'पाणी भरणे' म्हणून केकाटायचं. आता सोलापुरात नळ काय वार बघून येतो होय? पाचव्या दिवशी येतो, कधी सहाव्या. अ‍ॅप बाद! मग अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळींची जाड डायरी आणली. तिच्यात सगळं बसलं, पण बघायचं म्हटलं की आधी पिठाचे हात धुवा, मग पानं उलटा. रंगीत चिठ्ठ्या फ्रीजला लावल्या, त्या पंख्यानं घरभर केल्या. शेवटी त्रिंबकराव आपल्या हुकमी पद्धतीवर आले : कारखान्यात असायचा तसा एकच मोठा तक्ता, स्वयंपाकघराच्या दारावर. डावीकडं काम, उजवीकडं मिनिटं. नळाच्या दिवसाचा रकाना वेगळा, बिननळाचा वेगळा.

आणि मिनिटं लिहायची म्हणजे काम स्वतः करून बघायला हवं.

पहाटे तळ्याभोवती फेरी : चौतीस मिनिटं. शेजारचे सिद्रामप्पा भेटले तर पंचावन्न. मंडईतून भाजी : चाळीस. शेंगाची चटणी : पहिल्या दिवशी सत्तावीस, आठव्या दिवशी अकरा. ती चटणी रंभावहिनींनी, म्हणजे सिद्रामप्पांच्या बायकोनं, दोनदा वाटीभर मागून नेली. त्रिंबकरावांची कॉलर अशी काही ताठ झाली की विचारू नका.

"धुण्याची मिनिटं ऱ्हायली बगा," शालनताई कधी जाता जाता म्हणायच्या.

"उद्या घेतो!"

"आन् इस्त्रीची?"

"परवा. घाई करू नको. आपल्याकडं कच्चं काम चालत न्हाय."

मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. शालनताई रोजच्या वेळेला, रिकाम्या हातानं घरी आल्या.

"निरोपाचा कार्यक्रम झाला का?"

"माझा काय कार्यक्रम ठेवलेला न्हाय."

"चौतीस वर्षं घासलीस आणि साधा नारळ न्हाय? कृतघ्न लेकाचे!" त्रिंबकराव इतके भडकले की हातातली भेंडी मोडली. शालनताईंनी दुसरी भेंडी पुढं सरकवली आणि पदर तोंडाला लावला. रडू आलं असावं, म्हणून त्यांनी विषय तिथंच सोडला.

सोमवारी, एक जूनला, त्रिंबकराव साडेचारलाच उठले. फेरी झाली, चहा झाला, आठ भाकऱ्या झाल्या, आठही टम्म फुगल्या. तक्त्यावर ठळक अक्षरांत 'सौ. शालन' लिहिलं आणि दोन पावलं मागं सरकून ते बघत राहिले. मन अगदी भरून आलं. आपण ज्या खड्ड्यात पडलो त्यात ही पडणार नाही, एवढी खात्री त्यांना आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

सव्वानऊला शालनताई कडक इस्त्रीच्या साडीत बाहेर आल्या. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "लई झ्याक झालाय. एक मिनिटबी रिकामं न्हाय." मग दोन भाकऱ्या उचलून डब्यात घातल्या आणि पर्स खांद्याला लावली.

"अगं, निघालीस कुठं? आजपासून तू रिटायर!"

"अजून दोन वर्षं हायेत," त्या चपला सरकवत म्हणाल्या. "शाळेत घालताना आमच्या आबांनी गुरुजींना सांगून माझी दोन वर्षं कमी लावली होती."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"फेब्रुवारीतच सांगणार होते. पण त्या दिवशी तुमी कितीतरी महिन्यांनी दाढी केलीत."