तीन सवती

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये घड्याळजींच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली, जूनमधली. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोच्या फोनवर तीन एआय चॅटबॉट घेतले.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. बँक, बिलं, अर्ज, सगळं त्यांनीच पाहिलेलं. ऑपरेशनच्या टेबलावरून आपण उठलो नाही तर हिचं कसं व्हायचं, हा एकच घोर त्यांना लागला होता.

“तीन कशाला?” काकू म्हणाल्या. “म्हातारपणी एक सवत पुरे होती.”

“प्रत्येकाचं काम वेगळं. हा पहिला अर्ज आणि बिलांसाठी. दुसरा औषधांची माहिती सोपी करून सांगतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलायची नाही. तिसरा आकडेमोडीत कच्चा, पण बोलायला बरा.”

“म्हणजे तुमच्या अगदी उलट.”

त्यांनी ते वहीत बारीक अक्षरात लिहून दिलं. तरी काकूंनी विजेच्या बिलाची तक्रार तिसऱ्याला सांगितली. त्याने सांत्वन केलं. घड्याळजींनी कपाळाला हात लावला.

“माझीही अट आहे,” काकू म्हणाल्या. “माझा एक धडा झाला की तुमचा एक.”

“माझा कसला?”

“कुकर लावायचा.”

“अगं, ऑपरेशन माझं आहे.”

“म्हणून तर बसून करायचं काम आधी. भाज्या चिरा.”

परगावच्या लेकीने फोनवर आईला झापलं, “आई, बाबांना आता कशाला राबवतेस?”

“नुसतं छताकडे बघत बसतात. त्यापेक्षा बरं.”

जूनपर्यंत घड्याळजींची आमटी खाण्याजोगी झाली. काकू मात्र अजून पहिला कुठला, दुसरा कुठला, यातच अडकलेल्या.

ऑपरेशनच्या सकाळी घड्याळजींनी काकूंची शेवटची उजळणी घेतली. “बिल कुणाला विचारायचं?”

“पहिल्याला.”

“आणि मी नसताना घर खायला उठलं तर?”

काकूंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. “तिसऱ्याला.”

घड्याळजींनी समाधानाने डोळे मिटले.

ऑपरेशन नीट झालं. ते करणारे डॉक्टर पुढे दुसऱ्या शहरात गेले. लेकीने बदली मागून घेतली, आता दर रविवारी येते. घड्याळजी रोज तासभर चालतात, दोन्ही वेळचं स्वतः करून खातात.

काकू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेल्या. पोटातला आजार. आठ दिवस अंथरुणावर होत्या, तेवढ्याच. अचानक झालं, असं सगळेच म्हणाले.

वर्षभराने काकूंचा फोन बंद करायचा म्हणून घड्याळजींनी तो उघडला. तिसऱ्याशी झालेलं बोलणं वर वर सरकवत ते पहिल्या प्रश्नापर्यंत गेले. तारीख मार्चमधली होती, चॅटबॉट घेतल्याच्या दुसऱ्या दिवसाची. एकही चूक न करता काकूंनी लिहिलं होतं:

“माझ्याजवळ सहा-सात महिने आहेत, असं डॉक्टर म्हणतात. ज्यांना चहासुद्धा करता येत नाही, त्यांना काही कळू न देता स्वयंपाक कसा शिकवू?”