तीन नंबरची खाट

"नळीला नातेवाइकांचा हात लागू द्यायचा नाही, मनिषा. माया करायला जातात आणि पेशंट घालवून बसतात."

बारामतीला नर्सिंग शिकताना मेट्रन गोजरबाईंनी बजावलेलं आज नेमकं आठवलं. तीन नंबरच्या खोलीत मनिषानं पाऊल टाकलं, तर ऑक्सिजनची नळी एका बाईच्या मुठीत.

इंदापूरच्या या लहानशा दवाखान्यात मनिषाचा आज पहिलाच दिवस. सकाळच्या सिस्टरचं लेकरू तापानं फणफणलेलं, त्या लगबगीनं निघाल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "तीन नंबरचा पेशंट जप. दमा मुरलाय. ऑक्सिजन बंद पडता कामा नये." डॉक्टर बारामतीला गेलेले. केसपेपर आणि एक्सरे त्यांच्याच गाडीत.

खोलीत एकच खाट. तिच्यावर एक थोराड माणूस उताणा पडून घोरत होता. शेजारच्या स्टुलावर त्याची बायको गुडघ्यांवर कोपरं रोवून, पुढं वाकून बसलेली. डोक्यावरून पदर, मिश्रीनं काळे पडलेले ओठ. जपाला बसावं तशी मान खाली.

"मावशी, नळी कुणी काढली?"

"मीच..." बाई मान वर न करता म्हणाली. "पाणी... प्यायचं हुतं."

"म्हणून काढायची? जीव जाईल की."

मनिषानं नळी घेतली, पुसली, माणसाच्या नाकाला लावून वर चिकटपट्टी मारली. तो चाळवला.

"हे काय आणि?"

"काही नाही मामा. उठून बसा बघू. आडवं पडायचं नाही."

"रातभर जीपमदी डोळ्याला डोळा न्हाय. पडू द्या वो."

"पडलात तर दम कोंडेल."

"बसतो तर बसतो. दवाखान्यातलं आमाला काय कळतंय." त्यानं पाठ उशांना टेकली. "गार वारं येतंय नाकात. झ्याक वाटतंय."

"मावशी, नाव काय यांचं?"

बाईनं पदर ओठांशी धरला. नवऱ्याचं नाव घेईल कशी?

"सावळाराम. गाव लोणी भापकर," माणूसच म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

"त्रास कधीपासून आहे?"

"लई... वरसं," बाई म्हणाली.

"कशानं सुरू झाला?"

"गुऱ्हाळ... चुलवाणाम्होरं... धूर."

प्रत्येक शब्दागणिक ती थांबत होती. मनिषाच्या मनात पाल चुकचुकली. सरळ सांगायचं सोडून ही बाई एवढी घुटमळते कशाला? आणि नळीवरची तिची नजर काही केल्या हटत नव्हती.

मनिषा फोनकडं गेली. डायल फिरवून बोट दुखलं, पण बारामती लागेना. गुरुवारचा उपास होता. 'दत्तगुरू, डॉक्टर येईतोवर या माणसाला सांभाळ,' ती पुटपुटली आणि परत फिरली.

दारातूनच तिनं पाहिलं. सावळाराम पुन्हा घसरून आडवा झालेला, आणि बाई त्याच्यावर वाकून चिकटपट्टी सोडवत होती.

मनिषानं तिचं मनगट धरलं. गार, घामेजलेलं.

"काय चाललंय मावशी?"

"बाई... ती... माज्या..."

"तुमचाच माणूस आहे, कळतंय मला. मग त्याच्याच जिवावर का उठलाय?"

बाईचे खांदे वर-खाली होत राहिले. डोळ्यांत पाणी तरळलं. मनिषाला क्षणभर दया आली. ती तिनं आवरली. गोजरबाई म्हणत, दया नंतर, आधी पेशंट.

"तुम्ही बाहेर बाकावर बसा. डॉक्टर आल्याशिवाय आत यायचं नाही."

सावळारामनं एक डोळा उघडला. "भाईर निगालीच हाईस तर चा घिऊन ये. जीपमदनं उतरल्यापासनं आणते आणते म्हणतीयास."

"आणते... की," बाई म्हणाली.

तिनं किटली उचलली. भिंतीला हात धरत दारापर्यंत गेली. चौकटीला टेकून उभी राहिली. मग कठड्याला धरून, एकेका पायरीवर टेकत, जिना उतरू लागली.

मनिषानं दार लोटलं, सावळारामला पुन्हा नीट बसवलं, पट्टी नव्यानं चिकटवली. बाटलीत बुडबुडे संथ उठत होते. त्याची नखं गुलाबी होती, छाती एका लयीत हलत होती. पहिलाच पेशंट, आणि तो हाती लागला होता. तिनं मनोमन हात जोडले.

तेवढ्यात मागच्या जिन्यानं डॉक्टर आले. हातात एक्सरे होता. त्यांनी रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं, मग खाटेकडं.

"सावळाराम, तुमच्या नाकात नळी कुणी घातली? पेशंट कुठंय माझी?"

"ती व्हय?" उशांना रेललेला सावळाराम म्हणाला, "चा आणाय गेलीया."